बालगीतांची पुस्तके आणि आपला छंदविचार

एम. ए.च्या वर्गात छंदोरचना शिकवताना एक अनुभव दरवर्षी येतो. फळ्यावर मात्रा बिनचूक मोजून दाखवणारे विद्यार्थी तीच कविता मोठ्याने वाचू लागले की गद्य वाचतात. गेल्या वर्षी मी विंदा करंदीकरांचे 'राणीची बाग' वर्गात नेले. आधी हसू पिकले. मग एका विद्यार्थिनीने वाचायला घेतले आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून तिचा आवाज आपसूक तालावर आला. घरी ती आपल्या चार वर्षांच्या मुलाला रोज वाचून दाखवते. मात्र ती पुस्तके बहुतेक इंग्रजी असतात. पनवेलमध्ये यमकबद्ध मराठी चित्रपुस्तक शोधूनही चटकन मिळत नाही, अशी तिची तक्रार होती.

'ध्रुपद' १९५९चे, 'राणीची बाग' १९६१चे. कवी एकच. आपल्या समीक्षेने पहिल्यावर प्रकरणे लिहिली आणि दुसऱ्याची बोळवण 'बालकविताही लिहिल्या' एवढ्या वाक्यात केली. ही उपेक्षा मला वाङ्मयीनदृष्ट्याही चुकीची वाटते.

मराठी वाक्य क्रियापदावर संपते. त्यामुळे आला-गेला, बसला-हसला अशी यमके कवीला फुकट मिळतात, आणि फुकटचे यमक मुलाच्या कानाला लगेच कंटाळवाणे होते. चांगला बालकवी वाक्यरचना हलवून नाम किंवा एखादा नादशब्द ओळीच्या टोकाला आणतो. मूल पुढचा शब्द ओळखू पाहते आणि कधी फसते. त्या फसण्यात गंमत असते. चित्रपुस्तकात याला पानाची जोड मिळते. यमकाचा पहिला शब्द या पानावर आणि दुसरा पान उलटल्यावर आला, तर मधल्या क्षणी मूल चित्र पाहून स्वतःच तो शब्द उच्चारते. अक्षरओळख नसलेला हा वाचक तेव्हा कवितेच्या रचनेत सहभागी झालेला असतो.

अनुवादित चित्रपुस्तके बहुधा इथेच अडखळतात. चित्रे तीच, पानांची विभागणी तीच. त्यात मराठी ओळ कोंबताना मात्रा लंगडतात आणि यमक पुन्हा क्रियापदावर येऊन पडते. अर्थ बरोबर असतो, पण वाचणाऱ्या आईची जीभ अडते. ज्या पुस्तकावर जीभ अडते, ते दुसऱ्या रात्री कपाटातच राहते.

असे पुस्तक लिहायला छंदाची पक्की जाण लागते, आणि ती जाण देण्याचे काम आपल्या मराठी विभागांचे आहे. बालकवितेला छंदाच्या तासाला जागा द्यावी, एवढीच माझी सूचना. यंदा मी विद्यार्थ्यांना एक प्रात्यक्षिक दिले आहे: प्रत्येकाने एक बालगीत जवळच्या बालवाडीत जाऊन वाचायचे, आणि मुलांचे लक्ष कोणत्या ओळीवर उडाले ते टिपून आणायचे. त्या ओळीच्या मात्रा आम्ही वर्गात मोजणार आहोत.