आभा कार्ड काढलं, तरी फाईल का न्यावी लागते?

गंगाखेडला रक्त तपासलं, परभणीच्या जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी झाली, पुढे नांदेडला विष्णुपुरीच्या मेडिकल कॉलेजात पाठवलं. आपल्याकडच्या अनेक रुग्णांचा हाच रस्ता, आणि कागदांची पिशवी सोबत फिरत असते. "आभा काढलंय ना, मग रिपोर्ट तिकडं दिसतील की," असं नातेवाईक म्हणतात. दिसतीलच असं नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. आभा हा १४ अंकी क्रमांक म्हणजे तुमच्या आरोग्याच्या नोंदींची ओळख. मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं. आभा काढणं ऐच्छिक आहे; ते नाही म्हणून उपचार अडायला नकोत.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. त्याची बांधणी मला पटते. सगळे रिपोर्ट एकाच सरकारी संगणकात साठवलेले नसतात. ज्यांनी तपासणी केली, नोंद त्यांच्याकडेच राहते. रुग्णाची ओळख पटवणं, डॉक्टरांची नोंदवही, रुग्णालयांची नोंदवही, तुमची संमती घेणं ही कामं वेगवेगळ्या सेवा करतात आणि ठरलेल्या पद्धतीनं एकमेकींशी बोलतात. नांदेडच्या डॉक्टरांना जुना रिपोर्ट हवा असेल, तर विनंती तुमच्या मोबाईलवर येते. कोणती नोंद, किती दिवसांसाठी, हे तुम्ही ठरवता. दिलेली संमती नंतर काढूनही घेता येते.

सगळा भार एकाच कंत्राटावर टाकला की काय होतं, हे राज्यानं २०२२ मध्ये पाहिलं. वादामुळं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली संगणक प्रणाली बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हातानं लिहावे लागले.

पण नव्या रचनेतही पहिली कडीच कच्ची आहे. लॅबनं रिपोर्ट आभाशी जोडलाच नाही, तर पुढं जाणार काय? ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर लवकर निघतो, हे खरं. पण त्यातून फक्त नाव, वय, पत्ता जातो, जुने रिपोर्ट नाही. लहान दवाखान्यांत चिठ्ठी अजून हातानंच लिहितात. भरलेल्या ओपीडीत टाईप करायला माणूस कुठून आणायचा, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

म्हणून लॅबमध्ये पैसे भरतानाच विचारा, "रिपोर्ट आभाला जोडणार का?" फोनवरून कुणी ओटीपी मागितला तर सांगू नका. आणि डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, चालू औषधांची चिठ्ठी पिशवीत असू द्या. त्यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.