अध्यक्ष कोणीं निवडावा?

नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारांत भाव रोज बदलतो. परंतु गिऱ्हाइकागणिक काटा बदलूं लागला, तर एकही शेतकरी तेथें माल आणणार नाहीं. नगराध्यक्षाच्या निवडीचा काटा मात्र आपल्या राज्यांत सहा वर्षांत तीनदां बदलला! २०१६ सालीं ही निवड नगरसेवकांकडून काढून मतदारांकडे दिली, २०२० सालीं ती नगरसेवकांकडे परत गेली व २०२२ सालीं पुनः मतदारांकडे आली. प्रत्येक वेळीं सत्तेवर मंत्रिमंडळ निराळें होतें. नंदुरबार, शहादा, तळोदा व नवापूर येथील करदात्यांनीं यांतून काय बोध घ्यावा?

हा प्रश्न नवा नव्हे. १७७६ सालीं इंग्लंडचा अंमल झुगारणाऱ्या अमेरिकन राज्यांपुढें तोच होता. राजानें नेमलेल्या गव्हर्नरांचा अनुभव कडू असल्यामुळें व्हर्जिनियानें गव्हर्नर दरसाल विधिमंडळानें निवडावा असें ठरविलें. पेन्सिल्व्हेनियानें तर गव्हर्नरच नको म्हणून एक कार्यकारी मंडळ नेमलें. परंतु ज्यांच्या मतांवर पद, त्यांचाच गव्हर्नर मिंधा होतो. म्हणून न्यूयॉर्कनें १७७७ सालीं व मॅसॅच्युसेट्सनें १७८० सालीं ही निवड मतदारांवर सोंपविली. ते मतदार मालमत्ताधारी पुरुषच होते, हा दोष खराच. व्हर्जिनियास लोकनिवडीपर्यंत येण्यास १८५१ साल उजाडलें. पण तेथें ही रीत राज्यघटनेंतच लिहिलेली असे. मंत्रिमंडळ बदललें म्हणून ती बदलत नसे.

आमचें मत थेट निवडीच्या बाजूचें आहे. नगरसेवकांनीं अध्यक्ष निवडावयाचा म्हटला कीं निवडीपूर्वींच्या 'सहली' आल्या, आणि त्यांचा खर्च शेवटीं गांवाच्याच माथीं बसतो. अध्यक्ष एका पक्षाचा व बहुमत दुसऱ्याचें झाल्यास कामें अडतात, हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु खर्चास मंजुरी देण्याचा अधिकार सभेकडे असणें हा अडथळा नसून अंकुश आहे.

तथापि पद्धतीपेक्षां तिचें स्थैर्य अधिक मोलाचें. यापुढें निवडीचा नियम बदलणें झाल्यास तो लगतच्या निवडणुकीस नव्हे, तर तिच्या पुढच्या निवडणुकीस लागू व्हावा, असें कायद्यानेंच बांधून टाकावें. मग स्वतःच्या सोयीसाठीं नियम फिरविण्याचा मोह कोणासही होणार नाहीं. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास नागरिकांनीं हा एक प्रश्न अवश्य विचारावा.