सरत्या वर्षातले माझे सिनेमे

डिसेंबर आला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास सुरू होतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेचे फोटो, आणि ‘यंदा कोणते सिनेमे चांगले होते रे?’ हा प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर देण्याचं काम या सदरामुळे माझ्या गळ्यात पडलं आहे. मागच्या वर्षीच्या यादीवर दोन काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण असो.

ही यादी हैदराबादेत राहणाऱ्या माणसाची आहे, हे आधीच सांगतो. आपल्याकडे मराठी सिनेमा लागतो तो पाहुण्यासारखा. रविवारी सकाळी नऊचा खेळ, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. पुढच्या शुक्रवारी जावं तर निघून गेलेला असतो. एकदा तर तिकीट काढून पोचलो, तर प्रेक्षक चारच आहेत म्हणून खेळच रद्द झाला होता. म्हणून जे निसटलं ते निसटलं. ‘गोंधळ’साठी संतोष डावखर यांना गोव्याच्या इफ्फीत दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला, पण मी तो पाहिलेला नाही. न पाहता यादीत घालायला मी काही परीक्षक नाही.

सगळ्यात भरलेल्या थिएटरात पाहिला तो ‘दशावतार’. दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत, हे मध्यंतरात शेजारी बसलेल्या माझ्या तेलुगू मित्राला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री, त्याची काळजी करणारा मुलगा, आणि कोकणच्या जंगलावर डोळा ठेवून असलेले खाणवाले. पूर्वार्धातलं बापलेकाचं नातं मला फार आवडलं. उत्तरार्धात सूडाची गाडी सुटते आणि जरा लांबतेच. मित्राला मात्र तोच भाग आवडला. तो ‘कांतारा’वर वाढलेला गडी, त्याला दैवत खवळल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत.

मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत बसून दहावी होतात, ती खरी गोष्ट ‘आता थांबायचं नाय!’मध्ये आहे. हा सिनेमा घरच्यांसोबत बघा. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांना आपण विनोदासाठी ओळखतो, इथे ते वेगळे भेटतात.

आता ‘होमबाउंड’. सिनेमा हिंदी आहे, पण दिग्दर्शक नीरज घायवान आपल्या हैदराबादचा, मराठी घरातला. २०१५ साली ‘मसान’ घेऊन तो कान महोत्सवात गेला होता, यंदा दहा वर्षांनी पुन्हा गेला, आणि ऑस्करसाठी भारतातर्फे हाच सिनेमा पाठवला गेला. बशारत पीर यांच्या लेखावरून घेतलेली ही शोएब आणि चंदन या दोन मित्रांची गोष्ट आहे. एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलीस व्हायचंय, कारण वर्दी घातली की कुणी आडनाव विचारणार नाही असं त्यांना वाटतं. मग येतो लॉकडाऊन.

२०२० साली मेडचलच्या रस्त्यावर डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत निघालेली माणसं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. मजुरांसाठीची देशातली पहिली श्रमिक रेल्वे १ मे २०२० ला सुटली, तीही आपल्या लिंगमपल्लीहूनच, झारखंडमधल्या हटियाला. तेव्हा मी घरी बसून डालगोना कॉफी घुसळत होतो आणि तिचे फोटो टाकत होतो. सिनेमात चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा दिसतात. त्या टाचा आणि माझा कॉफीचा मग एकाच वर्षातले आहेत, हे मला थिएटरात बसल्यावर कळलं. खूप उशिरा कळलं.

‘साबर बोंडं’ एकट्यानं पाहिला. रोहन कानवडेच्या या सिनेमाला जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि भारतात तो प्रदर्शित केला राणा दग्गुबातीच्या कंपनीनं, म्हणजे पुन्हा आपल्याच गावानं. वडील गेल्यावर दहा दिवस गावी राहावं लागलेला आनंद, आणि तिथे पुन्हा भेटलेला लहानपणीचा मित्र बाळ्या. दोघांमधलं प्रेम इतक्या हळू आणि इतक्या सहज दाखवलंय की आपण श्वाससुद्धा जपून घेतो. घरी आईनं विचारलं, कशावर आहे? मी म्हणालो, वडील वारल्यावर गावी जाणाऱ्या मुलावर. खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. सिनेमातली आई मुलाला ओळखून असते. माझी आईही कदाचित समजून घेईल. मी विचारून पाहिलं नाही, एवढंच. पण त्या घरात सुतक चालू असतानाही नातेवाईक आनंदला जे विचारत राहतात, ते ‘लग्न कधी करतोस’, मला पाठ आहे.

आणि त्यामुळेच यंदाचा माझा पहिला नंबर ‘स्थळ’.

हा मार्चमध्ये आला. आम्ही एका लग्नासाठी पुण्याला गेलो होतो, तिथे आई, मामी आणि मी असे तिघं पाहायला गेलो. नावावरून मामीला वाटलं हलकाफुलका असेल. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव हे दिग्दर्शक जयंत सोमलकरांचं स्वतःचं गाव. कलाकार बहुतेक नवखे, तिथलेच. नायिका सविता बी. ए.ला समाजशास्त्र शिकते, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. वडील कापूस पिकवतात, भाव मिळत नाही, आणि पोरीचं लग्न डोक्यावर. पाहुणे येतात. पुरुष ओळीनं बसतात, सविता समोर बसते. नाव, शिक्षण, उंची, आवडनिवड. मंडळी उठून जातात आणि नकार येतो. पुढचे येतात. पुन्हा तेच प्रश्न, त्याच क्रमानं. पहिल्या वेळी थिएटर हसलं. दुसऱ्या वेळी थोडं कमी. तिसऱ्या वेळी कुणी हसेना. सिनेमाची सुरुवात मात्र उलटी आहे. तिथे बायका ओळीनं बसल्यात आणि एक घाबरलेला मुलगा उत्तरं देतोय. ते सविताचं स्वप्न असतं.

मी त्या ओळीत बसलेलो आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही नांदेडला मुलगी पाहायला गेलो होतो. आई, बाबा, थोरले काका आणि मी. पोहे झाले, लाडू झाले. नाव बाबांनी विचारलं. उंची काकांनी विचारली, आणि ती पाणी आणायला उठली तेव्हा माझ्याकडे बघून भुवई उडवली. लाडू स्वतः केलेत का, हे आईनं विचारलं. छंद मी विचारले. एवढा शिकलेला, महिन्याला सिनेमावर सदर लिहिणारा माणूस, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. ती म्हणाली, वाचन. मी काय वाचता म्हणूनसुद्धा पुढे विचारलं नाही.

परत येताना देगलूर यायच्या आत गाडीत सगळं ठरलं होतं. मुलगी बुटकी आहे, रंगही जरा. काकांनी निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही पाहिलीच नव्हती. मी मागच्या सीटवर मोबाइलमध्ये तोंड घालून बसलो होतो.

‘स्थळ’ संपल्यावर रिक्षात कुणी बोललं नाही. मामीला घरी सोडलं. मग आई म्हणाली, “त्या नांदेडच्या मुलीचं लग्न झालं का रे?”

“माहीत नाही.”

“तिचं नाव काय होतं?”

मला आठवेना. आईलाही आठवेना. सगळ्यात पहिला प्रश्न तोच विचारला होता. रात्री फोनमध्ये शोधलं, तर बायोडेटाची पीडीएफ अजून होती. नाव होतं, उंची होती, वाचन होतं. नाव इथे लिहीत नाही, पण आता विसरायचो नाही. तिच्या घरच्यांना फोन करावा का, यावर मी आणि आई दोन दिवस बोललो. करून काय सांगणार, असं आई म्हणाली. नाही केला. बरोबर केलं का, ठाऊक नाही.

‘स्थळ’ कुठे मिळाला तर पाहा, आणि जमल्यास घरातल्या थोरल्या काकांना घेऊन पाहा. आमच्या काकांना मी दोनदा सांगितलं. त्यांना गुडघ्यामुळे थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणे. ‘दशावतार’ला मात्र चढले होते.

पुढची गोष्ट सिनेमाची नाही, पण सांगून टाकतो. जानेवारीत लातूरला जायचं चाललं होतं. मी घरी म्हटलं, या वेळी मी आधी एकटा बोलतो. बाबा दोन दिवस गप्प होते, मग ‘बघ बाबा’ म्हणाले. मुलीकडूनही तसंच आलं, की आधी फोनवर बोलू. परवा बोलणं झालं. पहिला प्रश्न तिचा होता, स्वयंपाक येतो का? मग घराचं कर्ज किती, रात्रपाळी असते का, लग्नानंतर तिनं लातूरची नोकरी सोडायची असं गृहीत धरलंय का. मी गादीवर ताठ बसून तोंडी परीक्षेसारखी उत्तरं देत होतो. वरणभात येतो म्हणालो, तर फोडणी कशाची घालता म्हणून विचारलं. अठरा मिनिटं झाली. शेवटी ती म्हणाली, घरी बोलून कळवते.

अजून निरोप आलेला नाही.