घरची दुरुस्ती व तिची मर्यादा

आपल्या समाजांत दोन प्रकारचीं माणसें नेहमीं दृष्टीस पडतात. एकाला हातांत पाना धरणें कमीपणाचें वाटतें. मोटारीच्या दिव्याचा गोळा बदलावयाचा असला तरी तो कारागिराला बोलावणें पाठवितो. दुसऱ्याला हातोडीच्या चार ठोक्यांनीं व थोड्याशा रंगानें सुधारणार नाहीं अशी वस्तूच जगांत दिसत नाहीं. पहिला पैशाला आणि ज्ञानाला मुकतो. दुसरा प्रसंगीं प्राणाला मुकतो, आणि तो प्राण पुष्कळदां त्याचा स्वतःचा नसून परक्याचा असतो. टक्कर होऊन मोडलेलें मोटारीचें पुढचें अंग घरीं दुरुस्त करण्यास हरकत नाहीं, किंबहुना विद्यार्थ्यांनीं अशा कामांत अवश्य भाग घ्यावा, असें माझें मत आहे. परंतु त्या कामांत एक रेषा आहे, आणि ती रेषा ओळखणें हाच त्यांतील खरा धडा होय, हेंहि मला तितक्याच आग्रहानें सांगावयाचें आहे.

हें मत पुस्तकावरून बनलेलें नाहीं. सन २०२३ च्या डिसेंबर महिन्यांत, ऊसाच्या हंगामांत, पहाटेच्या धुक्यांतून मी माझ्या लहान मोटारींतून गांवीं चाललों होतों. शेजारीं माझा भाचा बसला होता. तो त्या वेळीं नववींत होता. पुढें रस्त्याच्या कडेला ऊसाची ट्रॉली उभी होती. ती दिसतांच मीं ब्रेक दाबला, पण धुक्याच्या मानानें वेग अधिक होता. ही चूक सर्वस्वीं माझी. गाडी ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर उजव्या बाजूनें आदळली. दोघांच्याहि कमरेस व छातीस पट्टे होते, म्हणून खरचटण्यापलीकडे कोणास कांहीं झालें नाहीं. एअरबॅग उघडल्या नाहींत, इतका तो धक्का मध्यम होता. परंतु गाडीचें नाक मात्र चेपलें. गाडीचा विमा केवळ दुसऱ्याच्या नुकसानीपुरता होता. तेव्हां दुरुस्तीचा सारा खर्च माझ्या खिशांतून होणार हें उघड होतें. ज्यांचा विमा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसहि लागू असेल, त्यांनीं एकहि स्क्रू काढण्यापूर्वीं विमा कंपनीस कळवावें, हें येथेंच सांगून ठेवतों.

गाडी ओढून घरीं आणिली व सुट्टींत मामा-भाचे कामास लागलों. बहिणीचा या गोष्टीस विरोध होता. "पुढच्या वर्षीं दहावी, आणि हा ग्रीसमध्यें हात बुडवून बसणार!" हें तिचें म्हणणें. पुष्कळ पालकांचें मत हेंच असेल. पण अंगणांतल्या त्या आठ दिवसांत भाचा जें शिकला तें वर्गाच्या शिक्षणास मारक नव्हतें, पूरकच होतें, असें मी नम्रपणें म्हणेन. पुढील हकीकतीवरून वाचकांनींच निर्णय करावा.

पहिला धडा सावधपणाचा. आम्ही सर्व बाजूंनीं गाडीचीं छायाचित्रें घेतलीं. नंतर दहा नंबरच्या पान्यानें बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली आणि पाव तास स्वस्थ बसलों. एअरबॅगच्या यंत्रणेंत वीज सांठवून ठेवणारा एक भाग असतो; तार सोडविल्यावरहि कांहीं वेळ त्यांत जोर शिल्लक राहतो. गाडी वर उचलली तेव्हां नुसत्या जॅकवर विश्वास न ठेवतां खालीं भक्कम घोडे लावले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं शिरणें म्हणजे आपण होऊन मृत्यूच्या जबड्यांत मान देणें होय. रेडिएटरांतून हिरवट पाणी ठिबकत होतें, तें घमेल्यांत धरून झांकून ठेविलें. कारण त्यांतील द्रव्य चवीला गोड पण विषारी असतें, आणि आळींतील कुत्रीं-मांजरें तें चाटण्यास येतात.

दुसरा धडा व्यवस्थितपणाचा. बंपर काढूं लागलों तों स्क्रू व प्लास्टिकच्या खुंट्या यांचा ढीग जमला. भाच्यानें चहाचे जुने पेले मांडले, प्रत्येकांत एका ठिकाणचे स्क्रू टाकले, आणि पेल्यावर चिठ्ठी डकविली. ज्या मुलाच्या दप्तरांत पेन्सिल सांपडत नसे, त्यानें हें केलें!

बंपर निघाला आणि मग खरा प्रकार उघडकीस आला. बंपर म्हणून जें आपण बाहेरून पाहतों तें केवळ प्लास्टिकचें कवच असतें. त्याच्या मागें पोलादाची आडवी तुळई असते, व तिच्या दोन्ही टोकांस पोलादी पत्र्याच्या दोन पोकळ पेट्या असतात. आमच्या गाडीची उजवी पेटी घडी घातल्यासारखी चुरगळली होती. "मामा, इतकी कच्ची वस्तु कंपनीनें कां बसविली?" असें भाच्यानें विचारिलें. प्रश्न उत्तम होता. उत्तर असें कीं, ती चुरगळावी म्हणूनच बसविलेली असते.

येथें थोडें गणित करूं. एक हजार किलो वजनाची गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगानें, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगानें, जात असेल तर तिच्या अंगीं ५०,००० जूल इतकी गतिज ऊर्जा असते. सुमारे पांच मीटर, म्हणजे जवळजवळ सतरा फूट उंचीवरून खालीं पडल्यानें जो वेग येतो तो हाच. वेग दुप्पट झाला कीं ऊर्जा चौपट होते. ही ऊर्जा टकरीच्या क्षणीं कोठें तरी जिरलीच पाहिजे. गाडी अवघ्या १० सेंटीमीटर अंतरांत थांबली तर आंतील माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें ५० पट धक्का बसतो. तीच ५० सेंटीमीटर अंतरांत थांबली तर सुमारें १० पट. म्हणजे पुढचा भाग जितका हळूहळू व क्रमाक्रमानें चेपेल तितका माणूस वांचेल. बेला बारेनी या अभियंत्यानें ही कल्पना मांडून १९५१ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १९५९ सालीं मर्सिडीज कंपनीनें त्या तत्त्वावर बांधलेली गाडी बाजारांत आणिली. त्याच १९५९ सालीं व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन यांचा तीन ठिकाणीं बांधला जाणारा पट्टाहि गाड्यांतून बसूं लागला. टणक गाडी ती सुरक्षित, ही जुनी समजूत त्यानंतर टिकण्यासारखी राहिली नाहीं. गाडीचें नाक माणसासाठीं मोडतें, आणि बसण्याची जागा तेवढी अभंग राहते.

आतां त्या रेषेकडे वळूं. तुळई व पेट्या ज्यांना जोडलेल्या असतात ते गाडीचे दोन लांब पोलादी दांडे सरळ आहेत कीं वांकले, हें डोळ्यांना समजत नाहीं. आम्ही भूमितीचा आश्रय केला. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात हें सातवी-आठवींतला मुलगाहि जाणतो. डाव्या व उजव्या बाजूस, मागें आणि पुढें, कारखान्यांतच पाडलेलीं जोडीचीं छिद्रें शोधून आम्ही एका कोनापासून समोरच्या कोनापर्यंत दोन्ही मापें घेतलीं. तीन वेळां घेतलीं. फरक प्रत्येक वेळीं ९ मिलीमीटर आला. जाणते कारागीर बहुधा तीन मिलीमीटरांपलीकडचा फरक चालवून घेत नाहींत. याचा अर्थ उघड होता: उजवा दांडा वांकला होता.

इतक्यांत शेजारचे अण्णा आले. त्यांनीं अंगणांतल्या कडूनिंबाकडे बोट दाखविलें. "साखळी बांधा, गाडी मागें घ्या, दोन हिसक्यांत सरळ होईल. न झाल्यास गॅसनें लाल करून ठोका. वरून लांबी भरली, रंग मारला, कीं ब्रह्मदेवालाहि कळणार नाहीं!" अण्णा मनानें फार चांगले, सल्ला आपुलकीचा होता. हा उपाय पुष्कळ ठिकाणीं करतात हेंहि खरें. माझेंहि मन क्षणभर डळमळलें, कारण खर्चाचा आंकडा डोळ्यांपुढें नाचत होता. पण भाचा त्या चुरगळलेल्या पेटीकडे पाहत म्हणाला, "मामा, कुणाला कळणार नाहीं हीच तर भीति आहे."

त्याचें म्हणणें अक्षरशः बरोबर होतें. हल्लींच्या गाड्यांचें पोलाद विशेष बळकट बनविलेलें असतें. तें लाल होईपर्यंत तापविलें कीं त्याचें बळ जातें. साखळीच्या हिसक्यानें दांडा सरळ दिसूं लागेल, पण पुढच्या टकरीच्या वेळीं तो कोठें व कसा मोडेल याचा कांहींच भरंवसा राहणार नाहीं. शिवाय टक्कर ओळखणारे संवेदक याच पुढच्या भागांत असतात. ते मूळच्या जागीं, मूळच्या कोनांत नसले, तर एअरबॅग उघडण्याची वेळ चुकूं शकते. आणि हें सारें सेकंदाच्या कांहीं शतांशांत घडावयाचें असतें. आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. परंतु वांकड्या दांड्यावर रंग चढवून त्या एअरबॅगेवर विश्वास टाकणें म्हणजे पाया खचलेल्या घरास कुलूप लावून निर्धास्त झोपण्यासारखें आहे. उघडून गेलेली एअरबॅग पुन्हां न बसवितां धोक्याचा दिवा फसवून विझविणारेहि लोक आहेत. त्यांच्या कृत्यास दुरुस्ती म्हणतां येत नाहीं; तो विश्वासघात होय.

म्हणून गाडी पुन्हां ओढून शहरांतल्या एका कार्यशाळेंत नेली. तेथें गाडी यंत्रावर आवळून, मोजमाप घेत घेत, न तापवितां दांडा ओढून सरळ केला, व नवी पेटी बसविली. उरलेलें काम आम्ही घरीं केलें: पुढची चौकट, रेडिएटर, दिवा, भंगारांतून आणलेलें बॉनेट. बॉनेटच्या खिट्टीची दुसरी अडकवण नीट लागते कीं नाहीं हें वीस वेळां उघडझांक करून पाहिलें, कारण धांवत्या गाडीचें बॉनेट उघडून कांचेवर आलें तर समोरचें कांहींच दिसत नाहीं. वातानुकूलनाच्या नळ्यांना मात्र हात लावला नाहीं. तो वायु दाबाखालीं असतो, त्यास जाणताच पाहिजे. मडगार्डावरील पोंचे आंतून डॉली धरून, बाहेरून हलक्या हातोडीनें काढले, लांबीचा थर पातळ ठेविला, व पॉलिश पेपरनें घांसतां घांसतां बोटांचीं सालें निघालीं. शेवटीं सपाट जागीं, भिंतीपासून सुमारें साडेसात मीटरांवर गाडी उभी करून दिव्यांचे झोत पाहिले. मोडका दिवा बदलून झोत वर राहिला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. एवढें करूनहि रंगाची छटा जुळली नाहीं. उन्हांत पाहिलें तर बॉनेट वेगळें ओळखूं येई.

ही न जुळलेली छटा पुढें उपयोगी पडली. सन २०२५ मध्यें ती गाडी विकावयाची वेळ आली. घेणारा तरुण गृहस्थ होता. सोबत त्याची पत्नी व दोन लहान मुलें होतीं. त्यानें बॉनेटवर हात फिरवून विचारिलें, "ठोकली होती का?" अशा वेळीं "थोडें खरचटलें होतें" असें म्हणण्याची जगाची रीत आहे. आम्ही त्यास छायाचित्रें, कार्यशाळेची पावती, आणि भाच्यानें वहींत लिहून ठेविलेलीं आधींचीं व नंतरचीं कर्णांचीं मापें दाखविलीं. त्यानें किंमत खालीं पाडून मागितली, आणि ती रास्तच होती. आम्हीं ती कबूल केली. वहींतलें तें पान मात्र तो मागून घेऊन गेला.

आतां बहिणीच्या आक्षेपाचें उत्तर देतों. या कामांत भूमिति आली, पदार्थविज्ञान आलें, काटकसर आली, हें तर खरेंच. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, आपल्याला काय येतें याबरोबरच आपल्याला काय येत नाहीं हें मुलाला स्वतःच्या हातानें मोजून कळलें. वर्गांत उत्तर चुकलें तर गुण जातात. येथें उत्तर चुकलें तर मागल्या बाकावरचीं परक्याचीं मुलें जातात. हा फरक फळ्यावर लिहून शिकवितां येत नाहीं.

पालकांस माझी एवढीच विनंती कीं, मुलांच्या हातीं पाना देण्यास भिऊं नका. पण तो केव्हां खालीं ठेवावा हेंहि आपल्या आचरणानें दाखवा. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीहि ध्यानांत ठेवा: जें शोभेसाठीं आहे तें खुशाल घरीं सुधारा; जें जीव राखण्यासाठीं आहे तें जाणत्याच्या स्वाधीन करा; आणि जें केलें तें विचारणाऱ्यास खरें सांगा. रंगाखालीं वांकडा दांडा लपूं शकतो, पण तो सरळ होत नाहीं.