भोगवर्धनचे अतिक्रमणदार

भोकरदनचा इतिहास सांगा म्हटलं की भाषणवाले दोन हजार वर्षं मागं उडी मारतात. भोगवर्धन! सातवाहनांचं नगर! १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. हस्तिदंती बाई सापडली, थेट पॉम्पेईच्या राखेत मिळालेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी. मग दुसरी उडी १८०३ वर. असईची लढाई, वेलस्ली, शिंद्यांच्या तोफा. तिसरी १९४८ ची पोलीस अॅक्शन, चौथी १९८१, जालना जिल्हा झाला, हारतुरे. संपला इतिहास.

या चार उड्यांत महारवाडा, मांगवाडा कुठंच लागत नाही. येसकरकी करणारा, मेलेलं ढोर ओढणारा, दवंडी देणारा गडी कुठल्या शतकात जगला, विचारा त्यांना. आणि मातीतून हस्तिदंती बाई निघाली तेव्हा नुकताच बहात्तरचा दुष्काळ होता. मराठवाडाभर आमच्या जित्याजागत्या बाया खडी फोडत होत्या आणि सुकडीवर दिवस काढत होत्या. त्यांचा कुठं थर लागला नाही.

मला भोगवर्धनचं वावडं नाही. उलट ते आमचंच आहे असं मी म्हणतो. सांचीला आणि भारहुतला जा. स्तूपासाठी ज्यांनी दान दिलं त्यांची नावं दगडात कोरलीत, गावासकट. त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. बुद्धाच्या कामाला ज्यानं दिलं त्याचं नाव दगडावर चढलं.

आता तलाठ्याचं दप्तर उघडा. सातबारावर आमचं नाव नाही. आमचं नाव गाव नमुना एक-ई मध्ये आहे. एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. बाप गायरानातले धोंडे वेचून मेला, पोरगा ज्वारी पेरतो, आणि सरकारी भाषेत दोघंही अतिक्रमणदार!

पोरांनो, हा सातबारा नुसता कागद नाही. तालुक्याच्या सगळ्या संस्थांचं दार त्याच्यावर उघडतं. सातबारा नाही तर सेवा सोसायटीत पीककर्ज नाही. सोसायटीत नाही तर बाजार समितीच्या निवडणुकीत पत नाही. तिथल्या अठरा जागांपैकी अकरा सोसायट्यांच्या. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून एक! हमाल-मापाड्यांना एक. पोतं आमच्या पाठीवर आणि खुर्ची त्यांच्या बुडाखाली. याला सहकार म्हणतात. कुणाशी सहकार, ते बोर्डावर लिहीत नाहीत.

ही जमीन कुणी बक्षीस दिली नाही. १९५३ मध्ये मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या लोकांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. १९५९ आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांना पुन्हा उठवलं. १९७८ ला विद्यापीठाच्या नावाचं निमित्त झालं आणि गावागावांत वस्त्या पेटल्या. राग नावाचा असेल, पण आग लावणाऱ्याचा डोळा गायरानावरही होता. नाव १९९४ ला मिळालं. जमीन?

भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ चा आहे. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, शताब्दी वर्षातली. शासनाला जयंती बरी लक्षात राहते. आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायरानं मोकळी करायला वर्षअखेरची मुदत घातली, राज्यभर नोटिसा सुटल्या. तोवर किती तहसिलांनी १९९१ चा निर्णय फायलीतून बाहेर काढला होता?

तेव्हा शहरात बसून भोगवर्धनवर कविता करणाऱ्या माझ्या दोस्तांनो, जयंतीची वर्गणी मागायला गावी जाता तसे एकदा तलाठ्याकडं जा. नव्वदच्या आधीच्या एक-ईची नक्कल मागा. जुन्या दंडाच्या पावत्या आईच्या पत्र्याच्या पेटीत असतील, त्या काढा. चोर म्हणून जिथं नाव लिहिलंय, तोच ताब्याचा पुरावा आहे. नक्कल देत नसेल तर अर्ज करा, पोच घ्या आणि एकट्यानं जाऊ नका, अख्खी वस्ती घेऊन जा.