शिस्त पादचाऱ्याला, मोकळीक वेगाला?

रस्ता वाटेल तेथून ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला दंड करावा, अशी मागणी शिस्तीच्या नावाने वारंवार पुढे येते. शिस्तीला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ही शिस्त कोणी पाळायची आणि तिची किंमत कोणी मोजायची?

कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे वाढलेल्या अलोरे गावाचा परिसर पाहावा. कुंभार्ली घाट उतरलेले मालट्रक याच टापूतून चिपळूणकडे धावतात. कराड-चिपळूण मार्गाला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला; रस्त्याकाठच्या माणसांचे जीवन मात्र पायीच राहिले. घर एका बाजूला आणि शेत, शाळा वा एस.टी.चा थांबा दुसऱ्या बाजूला, ही अशा गावांची नित्याची स्थिती. जेथे पट्टे आखलेले नाहीत, तेथे एस.टी.तून उतरलेल्या मजूर बाईने ‘योग्य जागी’ रस्ता ओलांडायचा म्हणजे नेमका कोठे?

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. वाहनाचा वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. वेगाचा लाभ वाहनवाल्याच्या पदरात पडतो आणि त्याची किंमत पायी चालणारा रक्ताने चुकवतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा खर्च दुसऱ्याच्या माथी मारण्याचाच प्रकार होय. त्यावर दंडही त्यानेच भरावा, हा कोणता न्याय?

अमेरिकेत अशा पादचाऱ्याला ‘जेवॉकर’ हे हिणकस नाव मिळाले. त्यातील ‘जे’ म्हणजे गावंढळ. मोटारीशी हितसंबंध असलेल्या गटांनी ते रूढ केले आणि १९२५ साली लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांवर कडक निर्बंध घातले. त्याच कॅलिफोर्नियाने २०२३ पासून, टक्कर होण्याचा तात्काळ धोका नसल्यास, असा दंड करणे थांबवले. ब्रिटनमध्ये तर असा सर्वसाधारण गुन्हाच नाही.

आपल्याकडे पादचारी मार्गावर वाहनाने थांबून वाट द्यावी, असे २०१७ची वाहनचालन विनियमावली सांगते. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच दुरुस्तीने पादचाऱ्यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. या नियमांतून पादचाऱ्याचे संरक्षण साधायचे की त्याच्यावर पावत्या फाडायच्या, हा आता राजकीय प्रश्न आहे.

पादचारीही बेपर्वा असतो आणि त्याच्या चुकीने दुचाकीस्वार पडतो, हे खरेच. द्रुतगती मार्गावर त्याला मज्जाव असणेही रास्त आहे. पण तेथे पर्यायी वाट देणे शासनाचे कर्तव्य ठरते. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर तर ते दुप्पट ठरते. आधी पट्टे, दिवे, पदपथ आणि वेगाला आवर, मग समज, दंड सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा करणे म्हणजे शासनाने आपल्या कसुरीची वसुली गरिबाकडून करणे होय.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी लोक रस्ता कोठे ओलांडतात त्या जागांची यादी करावी, ती ग्रामसभेच्या ठरावात घालावी आणि रस्ते खात्याकडे लेखी उत्तर मागावे. लोकांच्या पायांनी वाट केव्हाच आखली आहे. तिच्यावर पट्टे ओढणे तेवढे शासनाकडे बाकी आहे.