निजामाचे विमान आणि वऱ्हाडचा खंड : अचूक प्रतिकृतीचा आग्रह कशासाठी?

१/ ऐतिहासिक लष्करी विमानांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांवर आपल्याकडे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, हा पोरखेळ आहे. दुसरा, ‘दिसायला छान आहे ना, मग रंगाच्या छटेवरून एवढा काथ्याकूट कशाला?’ पहिला आक्षेप घेणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप मात्र इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्यांकडूनच येतो. हा धागा त्यांच्यासाठी आहे.

२/ माझे म्हणणे थोडक्यात असे : प्रतिकृतीतील प्रत्येक चूक हे भूतकाळाविषयी केलेले एक चुकीचे विधान असते. शिवाय अमरावती-अकोल्याच्या टेबलांवर स्पिटफायर आणि मेसरश्मिट यांची गर्दी असताना ज्या विमानाशी वऱ्हाडाचा थेट हिशेब आहे, ते तिथे नसावे ही खेदाची बाब आहे. आधी चुकीविषयी बोलू, मग त्या विमानाविषयी.

३/ उदाहरण म्हणून काश्मीरचे पहिले युद्ध, १९४७-४८, घ्या. त्यात आपल्या हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने लढली. प्रदर्शनांत अशा विमानाच्या पंखावर हौसेने केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ रंगवले जाते. पण हे तिरंगी वर्तुळचिन्ह भारत प्रजासत्ताक झाल्यावर, १९५० मध्ये आले. त्याआधी काही काळ अशोकचक्राचे चिन्ह होते आणि दलाच्या नावामागे ‘रॉयल’ हा शब्दही होता.

४/ ‘देशप्रेमाने तिरंगा लावला तर बिघडले कुठे?’ बिघडते ते असे. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत स्वतंत्र होता, पण प्रजासत्ताक नव्हता. घटनात्मक दृष्ट्या तो डोमिनियन होता. ही अडीच वर्षांची संक्रमणावस्था पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते. विमानाच्या पंखावर ती डोळ्यांना दिसते. तिथे तिरंगी वर्तुळ रंगवणारा ती अवस्थाच पुसून टाकतो.

५/ आणखी एक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळातून मधला लाल ठिपका काढून टाकण्यात आला. जपानी विमानांवर लाल गोल असे, आणि घाईत आपल्याच विमानावर गोळी झाडली जाण्याचा धोका होता. एका ठिपक्याच्या अभावात आघाडीवरची भीती नोंदली गेली आहे. तो ठिपका परत रंगवणाऱ्याने फक्त रंग चुकवला, असे म्हणता येईल काय?

६/ आता वऱ्हाडाच्या विमानाकडे वळू. डी हॅविलँड डी.एच. ९ए : पहिल्या महायुद्धाच्या अखेरचे, दोन आसनांचे द्विपंखी बाँबफेकी विमान. त्यात चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी इंजिन होते. ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची तुकडी ही विमाने घेऊन सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समध्ये दाखल झाली. जर्मनीतील रेल्वे, कारखाने आणि विमानतळ यांवर दिवसा बाँब टाकणे हे तिचे काम.

७/ या तुकडीची मूळ विमाने हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी भेट दिली होती. प्रत्येक विमानावर तसा लेख रंगवलेला असे. तुकडीला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले ते कायमचेच. १९१८ च्याच जानेवारीत निजामांना ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी मिळाली. ती त्यांच्या युद्धकालीन साहाय्याची पावती होती.

८/ यात वऱ्हाड कुठे आले? १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. हैदराबादच्या फौजेचा खर्च आणि थकीत कर्ज ही त्याची कारणे. मात्र कायद्याने वऱ्हाड निजामाचेच राहिले. सरकारी दप्तरात आपल्या अमरावती-अकोल्याचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते. आपले जिल्हे ‘नेमून दिलेले’ होते!

९/ नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या मक्त्याने घेतले. वार्षिक खंड ठरला २५ लाख रुपये. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळातून हा मुलूख नुकताच कुठे उठत होता. या व्यवहारात वऱ्हाडातील एकाही कास्तकाराचे मत कोणी विचारले नाही.

१०/ ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्या सोन्याचा प्रवास मात्र सहसा सांगत नाही. काळ्या जमिनीत कापूस पिकला, त्यावर सारा बसला, सारा इंग्रजांनी गोळा केला आणि त्यातला ठरलेला खंड हैदराबादच्या नावे जमा झाला. ज्या अमरावतीत डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या अमरावतीच्या मालकीचा हिशेब असा दोन दरबारांत चालला होता.

११/ इथे सावधगिरी हवी. निजामांच्या देणगीतील प्रत्येक रुपया वऱ्हाडचा होता असे मी म्हणत नाही. खजिन्यात शिरलेल्या रुपयावर गावाचे नाव उरत नाही, आणि खंडाच्या रकमेतून जुन्या कर्जाची वळतीही होत असे. पण वऱ्हाडचा खंड हे त्या संस्थानाचे एक हक्काचे उत्पन्न होते, हे निर्विवाद आहे. म्हणून ‘हैदराबादची भेट’ हा लेख वाचताना वऱ्हाडी माणसाने मध्येच थांबून विचार करायला हवा.

१२/ थांबण्याचे दुसरे कारण राजकीय आहे. उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये व्हाइसरॉयकडे वऱ्हाड परत मागितले. मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने ती मागणी फेटाळली आणि ब्रिटिश सार्वभौमत्वापुढे कोणताही संस्थानिक बरोबरीने वाटाघाट करू शकत नाही, असे स्पष्ट बजावले. १९३६ च्या कराराने निजामांना ‘हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम’ ही उपाधी मिळाली, युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले. प्रत्यक्ष कारभार होता तिथेच राहिला.

१३/ या क्रमात ठेवून पाहिली की १९१८ ची ती विमाने वेगळी दिसू लागतात. निष्ठेचे प्रदर्शन, पदवी आणि त्यानंतर पाच वर्षांत वऱ्हाडची मागणी. यांचा थेट कार्यकारणसंबंध लावणारा कागद पुढे ठेवल्याशिवाय मी तसा दावा करणार नाही. परंतु मित्रराजाची प्रतिमा उभी करणे हा त्या भेटीचा एक हेतू होता, हे नाकारणे भाबडेपणाचे ठरेल.

१४/ समाजमाध्यमांवर निजामांविषयी दोनच सूर ऐकू येतात : अफाट दानशूर, नाहीतर निव्वळ खलनायक. १९६५ मध्ये त्यांनी देशाला पाच हजार किलो सोने दान केले, हा संदेश अजून फिरतो. वास्तवात ती ४२५ किलो सोन्याची, व्याज देणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेतील गुंतवणूक होती. दान म्हटले की पैसा कुणाचा, अटी कोणत्या आणि लाभ कुणाला, हे प्रश्न आपण विसरतो. विमानांच्या बाबतीतही तेच झाले.

१५/ ‘परक्या साम्राज्याचे विमान आपण कशाला बनवायचे?’ असाही प्रश्न येईल. प्रतिकृती म्हणजे पुतळा नव्हे. ती बनवली म्हणजे हार घातला असे होत नाही. आपल्या मातीतला पैसा कुठे गेला आणि त्याने काय केले, हे पाहण्यासाठी ती बनवायची. त्या पैशाने जर्मन शहरांवर बाँब पडले असतील, तर तेही पाहायचे. म्हणून पंखाखालचे बाँबचे साचे गाळू नयेत.

१६/ शिवाय हे विमान आपल्या हवाई दलाच्या वंशावळीत आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या द्रिघ रोड येथे भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती वेस्टलँड वापिटी विमानांवर. आणि वापिटीचा आराखडाच मुळी डी.एच. ९एचे शिल्लक भाग वापरता यावेत, या अटीवर झाला होता. आपल्या पहिल्या विमानांची ओळख करून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

१७/ आता रंग. त्या काळच्या ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूस ‘पी.सी. १०’ नावाचा लेप असे. लोहयुक्त पिवळी माती आणि काजळी ही त्यातील मुख्य रंगद्रव्ये. पंखांवरच्या ताग्याचे, म्हणजे लिननचे, उन्हापासून रक्षण करणे हा त्याचा हेतू. (होय, लिनन. तिथे आपला कापूस होता असे भावनेच्या भरात लिहू नका.) खालची बाजू रंगाविना, फिकट सायीच्या छटेची.

१८/ पी.सी. १० हिरवट की तपकिरी, यावर प्रतिकृतिकारांत जुना वाद आहे. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट झाक येते. पुढे ऊन, तेल आणि काळ यांनी तो तपकिरी होतो. म्हणजे प्रश्न रंगाचा कमी आणि विमानाच्या वयाचा अधिक. अशा वेळी बाटलीवरचे नाव वाचून भागत नाही. त्या विशिष्ट विमानाचे आयुष्य वाचावे लागते.

१९/ एफ १०१० क्रमांकाचे विमान घ्या. ‘हैदराबाद’ मालिकेतील हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ च्या मोहिमेत जर्मनांच्या हाती पडले. आतले दोघेही युद्धकैदी झाले. तुकडी फ्रान्समध्ये येऊन तेव्हा जेमतेम सव्वा महिना झाला होता. मग त्याच्यावर दहा वर्षांची झीज दाखवणारे जुनाट तपकिरी रंगकाम कसे चालेल? एक्झॉस्टची काजळी दाखवा, तेलाचे ओघळ दाखवा. गंज मात्र दाखवू नका. कापडाला गंज चढत नाही.

२०/ त्या अल्प आयुष्याची दुसरी बाजूही आहे. युद्ध संपेपर्यंतच्या सुमारे दोन महिन्यांत ११० तुकडीने ४५ विमाने गमावली. त्यांपैकी १७ शत्रूच्या कारवाईत, उरलेली अपघात आणि इतर कारणांनी. नवे कोरे दिसणारे विमान हे इथे सौंदर्याचे लक्षण नाही. जुने होण्याइतकी उसंतच त्यांना मिळाली नाही, असा त्याचा अर्थ आहे. अचूक रंग हे सारे एका दृष्टिक्षेपात सांगतो.

२१/ एफ १०१० पुढे बर्लिनच्या विमानसंग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये पोहोचले आणि १९७७ मध्ये क्राकोहून ब्रिटनमध्ये परतले. आज ते लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे. म्हणजे तपासण्यासाठी मूळ वस्तू उपलब्ध आहे, तिची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ‘तेव्हा कसे होते कुणास ठाऊक’ ही सबब या विमानापुरती चालणार नाही.

२२/ ‘किट महाग असतात’ हा आक्षेप मात्र खरा आहे. परदेशी किट आणि रंग विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाहीत. पण द्विपंखी विमान पुठ्ठा, बाल्सा लाकूड आणि बारीक दोरा यांतून उभे राहू शकते. पंखविस्तार सुमारे १४ मीटर. १/७२ प्रमाणात तो साडेएकोणीस सेंटिमीटर भरतो. शाळकरी पट्टीवर मावणारे हे माप आहे. महाग आहे तो आराखडे पडताळण्यात जाणारा वेळ, आणि तो वाचवण्याचा मोह आवरायला हवा.

२३/ लेख रंगवताना खरी परीक्षा होते. दहा सेंटिमीटर उंचीचे अक्षर १/७२ प्रमाणात दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. अनेक जण म्हणतील, ‘एवढे कोण वाचतो? सोडून द्या.’ कृपया सोडू नका. बाकी सर्व विमान ब्रिटिश कारखान्याचे आहे. ती एक ओळ तेवढी आपल्या इतिहासाची आहे. हात स्थिर नसेल तर ती छापून चिकटवा, पण गाळू नका.

२४/ १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. आता शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत विमाने अधिक दिसतील, ‘विदर्भ आणि विमान’ अशा शीर्षकाची फलकेही लागतील. त्या टेबलांवर काय ठेवायचे, हे आपल्यासारखेच लोक ठरवणार आहेत. चुकीचे चिन्ह रंगवलेली प्रतिकृती शेकडो मुले पाहतात आणि तेच खरे मानून घरी जातात. त्यांना दुरुस्तीपत्रक कोणी पाठवत नाही.

२५/ म्हणून अकोला-अमरावतीच्या मित्रांना विनंती आहे. पुढची प्रतिकृती डी.एच. ९एची करा. तळपाटीवर तुकडीचे आणि विमानाचे नाव लिहा, निजामांचे नाव लिहा आणि त्याखाली तिसरी ओळ लिहा : ‘वऱ्हाड, वार्षिक खंड २५ लाख रुपये, १९०२ पासून’. पाहणारा ‘हे काय?’ असे विचारेल, तेव्हा त्याला पूर्ण हकिगत सांगा. आणि या धाग्यातील एखादे विधान खोडून काढणारा पुरावा कोणाकडे असेल, तर तो खाली मांडावा. चर्चा पुराव्यानेच पुढे जाईल.